पाहा: स्प्रिंग

पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात नावं आणि पानांचे आकडे छापलेले असतात ना, ते कोणीतरी बसून केलेले असतात, हे बऱ्याच वाचकांच्या गावीही नसतं. ते मी करते. गेली तेहतीस वर्षं मी पुस्तकांच्या सूच्या करते आणि त्यात मला काडीचीही लाज वाटत नाही. लेखक चारशे पानं मनसोक्त भटकतो, पण वाचकाला घरी परतायची वाट मी दाखवते. आभाराच्या पानावर माझं नाव शेवटून दुसरं असतं. शेवटचं लेखकाच्या मांजराचं.

माझ्या कामाचे दोन नियम आहेत. दोन्ही माझ्या पहिल्या साहेबांनी घालून दिले. पहिला, एका माणसाची नोंद एकाच ठिकाणी. त्याला चार टोपणनावं असतील तर ती चारही लिहायची, पण पुढे आकडे न देता ‘पाहा’ म्हणून खऱ्या नोंदीकडे पाठवायचं. दुसरा, एकदा लिहिलेलं कार्ड फाडायचं नाही. शंका आली तरी लिहायचं, डब्यात अकारविल्हे लावायचं आणि शेवटी काय ते ठरवायचं. या दुसऱ्या नियमाने यंदा माझ्या संसारात जो गोंधळ घातला, तो पाहायला साहेब हवे होते.

झालं असं की उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक गृहस्थ तीनशे बारा पानांचा गठ्ठा घेऊन आले. साठीकडे झुकलेले, शाळेत संगीत शिकवणारे, बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. तरुणपणी त्यांचं कॅसेटचं दुकान होतं म्हणून सगळे त्यांना अजून कॅसेटवाला म्हणतात. त्यांनी आमच्या शहरातल्या हिप-हॉपचा इतिहास लिहिला होता. सोबत कापडी पिशवीत आणखी सात पुस्तकं.

“ही कशाला?” मी विचारलं.

“हिप-हॉपवरची आहेत. जगभरातली. तुम्हाला अंदाज यावा म्हणून,” ते म्हणाले. “बाई, एवढंच सांगतो, आमच्यात प्रत्येकाला तीन तीन नावं. एक आईने ठेवलेलं, एक टोळीने ठेवलेलं आणि एक भिंतीवर रंगवायचं. सूची करताना तुम्ही मला शिव्या घालणार.”

मी मनात तेव्हाच घालायला सुरुवात केली होती. खरं सांगायचं तर हिप-हॉप म्हणजे ढगळ चड्ड्या घालून हातवारे करत केलेलं भांडण, इतकीच माझी समजूत. पण पिशवीतलं पहिलं पुस्तक उघडलं आणि दुपारचा चहा निवला. ज्यांच्याकडे वाद्यं नव्हती त्यांनी रेकॉर्डचं यंत्रच वाद्य केलं. ज्यांना कोणी सभागृह देईना त्यांनी रस्त्याच्या दिव्यातून वीज ओढून चौकात नाच मांडले. ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं त्यांनी ते भिंतीवर पुरुषभर उंचीचं लिहून टाकलं. शिवाय निम्मी पानं ‘आधी कोणी केलं’ यावरून जुंपलेली! सातही पुस्तकांत सात वेगळी पहिली माणसं. मला सूचीकार म्हणून घाम फुटला आणि माणूस म्हणून फार मजा आली.

आता नवऱ्याबद्दल सांगते. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आमची ओळख झाली तीही लिफ्टमुळेच. मी ज्या प्रकाशकाकडे नोकरीला होते, त्यांची लिफ्ट महिन्यातून दोनदा रुसायची. लग्नानंतर मी त्याला काही दिवस ‘अहो’ म्हणून पाहिलं, पण लिफ्टच्या खड्ड्यात उभ्या माणसाला वरून ‘अहो’ ऐकू जात नाही, तेव्हा अरे-तुरेवर आलो. शांत माणूस. समारंभात सगळे नाचत असतील तर हा खुर्च्या रचून ठेवतो. “मला नाचबिच जमत नाही,” हे त्याचं बत्तीस वर्षांचं वाक्य. दोन महिन्यांनी निवृत्त होणार होता. कंपनीत अडतीस वर्षं, आणि त्याने हात लावलेल्या लिफ्टबद्दल एकही तक्रार नाही. हे तो स्वतः कधी सांगत नसे, पण मी सांगायला लागले की थांबवतही नसे.

एका संध्याकाळी मी वाचता वाचता मोठ्याने म्हटलं, “काय हे, अख्खं गाणं सोडून मधला तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतात!”

“नाचणाऱ्याला तेवढाच हवा असतो,” पेपरामागून आवाज आला. “तिथे गाणारा गप्प होतो. मोकळी जागा मिळते.”

मी पेपराकडे पाहिलं. पेपर हलला नाही. “तुला कसं माहीत?”

“ऐकलं असेल कुठेतरी.”

ठीक आहे म्हटलं. पण दोन दिवसांनी चौथ्या पुस्तकात वाचलं की डोक्यावर उभं राहून भोवऱ्यासारखं फिरणाऱ्यांचे टाळूवरचे केस झिजतात आणि तिथे नाण्याएवढी गोल चकती पडते. माझं डोकंच चालेना. लग्नाच्या वेळी माझ्या नवऱ्याच्या दाट केसांत टाळूवर अगदी तेवढीच चकती होती. “हेल्मेटमुळे,” असं त्याने तेव्हा सांगितलं होतं. आता बाकीच्या डोक्यानेही त्या चकतीला गाठलं आहे, त्यामुळे पुरावा शिल्लक नव्हता. मी काही बोलले नाही. सूचीकाराने पुरेशी पानं हातात आल्याशिवाय बोलू नये.

ती पानं कॅसेटवाल्याच्या पुस्तकातच निघाली. शहरात तेव्हा दोन टोळ्या होत्या, तळमजला आणि गच्ची. अडतीस वर्षांपूर्वी एका सभागृहात त्यांचा सामना ठरला. तळमजल्याचा हुकमाचा एक्का म्हणजे स्प्रिंग नावाचा पोरगा. पान बारा ते एकोणीस नुसतं त्याचं कौतुक: असा नाचणारा शहरात पुन्हा झाला नाही, वगैरे. आणि पान अठ्ठ्याऐंशीवर तळमजल्याच्या म्होरक्याचे शब्द: “स्प्रिंग ऐन वेळी शेपूट घालून पळाला. त्यानंतर त्याचं तोंड आम्ही पाहिलं नाही.”

पान एक्याण्णववर त्याच दिवसाची दुसरी गोष्ट. गच्ची टोळीचे सातही जण तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात जाताना लिफ्टमध्ये अडकले. कॅसेटवाला स्वतः त्यात होता. दोन तास! भीती घालवायला त्यांनी लिफ्टच्या पत्र्यावर ठेका धरला आणि त्यांच्यातल्या एका मुलीने, तिला ठिणगी म्हणत, जागच्या जागी ओळी रचल्या:

वर ना खाली, मधेच आहे आज आमचा मजला,
जो म्हणेल हे अडकले, तोच खरा फसला!

सुटल्यावर त्यांनी नाच बाजूला ठेवला आणि स्टेजवर हेच म्हटलं. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. तळमजला हरला, गच्ची जिंकली आणि शहराला स्वतःचं पहिलं गाणं मिळालं. कॅसेटवाल्याने पुढे लिहिलं होतं: “आम्ही आत वाजवत होतो तेव्हा वरून कोणीतरी साथ देत होतं. तीन, मग एक, मग दोन. आम्ही चुकलो की तो सावरायचा. त्या ठेक्यावरच गाणं उभं राहिलं. तो कोण होता, आम्हाला कधीच कळलं नाही.”

मी कार्ड लिहिलं: ‘अज्ञात (वरून ठोकणारा), ९१.’

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात नवरा चहाला उकळी येण्याची वाट पाहत उभा होता. बोटं ओट्यावर. टक टक टक. टक. टक टक. हे मी बत्तीस वर्षं रोज ऐकत आले आहे. त्या सकाळी पहिल्यांदा मोजलं. टाळूवरची चकती, पळालेला स्प्रिंग आणि वरचा ठेका, तिन्ही नोंदी एकाच माणसाच्या.

मी टेबलाशी गेले आणि नवं कार्ड लिहिलं: ‘अज्ञात (वरून ठोकणारा), पाहा: स्प्रिंग.’ नियमाप्रमाणे डब्यात ‘अ’मध्ये लावलं. मग परत स्वयंपाकघरात येऊन म्हटलं, “स्प्रिंग, माझ्या चहात साखर कमी टाक.”

त्याच्या हातातला चमचा खाली पडला. मग तो स्टुलावर बसला आणि हसायलाच लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मला काय करावं सुचेना, म्हणून मी गॅस बंद केला.

“तू पळाला नव्हतास,” मी म्हटलं.

“वर पळालो होतो,” तो म्हणाला. “लिफ्ट अडकल्याचं कळलं तेव्हा मी दारातच होतो. ती लिफ्ट सकाळी मीच तपासली होती गं. कंपनीतल्या उस्तादांनी पहिल्यांदाच मला एकट्याला पाठवलं होतं. मी तडक गच्चीवरच्या मशिनच्या खोलीत गेलो. ब्रेक हाताने सोडायचा आणि चाक फिरवायचं, हे दोन माणसांचं काम. मी एकट्याने केलं, म्हणून दोन तास लागले. खालून ते ठोकायला लागले, तेव्हा मी पान्ह्याने पाइपवर आम्हा लिफ्टवाल्यांची खूण वाजवली. तीन-एक-दोन. म्हणजे वर माणूस आहे, घाबरू नका. ते ठेक्यात वाजवत होते, मग मीही…” तो ओशाळला. “मग मीही जरा ठेक्यात वाजवलं.”

“मग हे सांगितलं का नाहीस कोणाला?”

त्याने खाली पडलेला चमचा उचलला. “सगळे बाहेर आल्यावर मी लिफ्ट तपासली. दाराच्या कुलपाचा एक स्क्रू सैल होता. ते कुलूप जरा हललं तरी लिफ्ट जागीच थांबते. सकाळी मीच आवळायचा विसरलो होतो. सामन्याच्या नादात.”

तर हे असं होतं. वर का गेलो हे सांगायचं तर स्क्रूचंही सांगावं लागलं असतं. त्याने टोळी सोडली, नाच सोडला, आणि त्यानंतर आयुष्यात एकही स्क्रू सोडला नाही.

“पुस्तक छापायला जातंय,” मी म्हटलं. “त्यात तू भित्रा म्हणून राहशील. कायमचा.”

“राहू दे. नाचणारा पळाला म्हणाले तर म्हणोत. पण लिफ्टवाल्याने काम अर्धवट टाकलं आणि सात पोरं लोंबकळली, हे छापून यायला नको. दोन महिने राहिलेत माझे. शपथ घे, तू बोलणार नाहीस.”

मी शपथ घेतली. मनापासून घेतली, पण मला रात्रंदिवस ती टोचत होती. माझ्याच हाताने ‘स्प्रिंग’च्या नोंदीखाली मी ‘पलायन, ८८’ लिहिलं, तेव्हा पेन टेबलावर आपटलं.

शुक्रवारी सूची पाठवायची मुदत होती. कार्डांचा डबा घेऊन बसले आणि एकेक कार्ड टाइप करत गेले. माझी बोटं अशा वेळी आपोआप चालतात, डोकं दुसरीकडे असतं. त्या दिवशी ते नवऱ्याकडेच होतं. बाराशे चाळीस नोंदी झाल्या, पाठवल्या, सुटले म्हटलं.

रविवारी सकाळी दहाला दार वाजलं. कॅसेटवाला. त्याच्या मागे पांढरे केस बारीक कापलेली, धिप्पाड बाई. आमच्या भागातल्या दातांच्या डॉक्टर! माझी खालची दाढ त्यांनीच काढली होती. कॅसेटवाल्याच्या हातात सूचीचं पहिलं पान होतं आणि त्यावर लाल वर्तुळ.

“बाई,” तो म्हणाला, “अज्ञात, वरून ठोकणारा, पाहा स्प्रिंग. हे तुम्हाला कसं कळलं?”

मी ते लाल वर्तुळ पुन्हा वाचलं. कार्ड फाडायचं नाही. शेवटी काय ते ठरवायचं. आणि मी ठरवायचंच विसरले होते! एक स्क्रू आवळायचा राहावा, अगदी तसं. मी मागे वळून पाहिलं. नवरा सोफ्यावर पेपर घेऊन बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता हा माणूस उठून आतल्या खोलीत जाईल आणि आठवडाभर बोलणार नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माझी चूक झाली,” मी त्याला म्हटलं. “मुद्दाम नाही केलं. कार्ड डब्यात राहिलं.”

तो काही बोलायच्या आधीच डॉक्टरीणबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं. “स्प्रिंग? अरे, तू? आणि मी तुझ्या बायकोची दाढ काढली!”

“ठिणगी,” तो हळूच म्हणाला.

“आम्हाला वर काढणारा तू होतास?”

नवऱ्याने पेपराची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली. आणि खालमानेने सगळं सांगितलं. स्क्रूसकट. अडतीस वर्षं जपलेली गोष्ट सांगायला त्याला चार मिनिटंही लागली नाहीत. “तुम्ही अडकलात ते माझ्यामुळे,” तो म्हणाला. “म्हणून मी कधी समोर आलो नाही.”

 कॅसेटवाल्याने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, त्यांनी छताकडे.

“सांग ना आता,” कॅसेटवाला म्हणाला.

“तू सांग. लेखक तू आहेस.”

“काय सांगायचं?” मी ओरडलेच.

“आम्ही आत उड्या मारत होतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सातही जण. एकदम. लिफ्ट चालू असताना. अंग गरम करायला. सभागृहवाले हाकलून देतील म्हणून बाहेर आल्यावर वीज गेली होती अशी थाप मारली, आणि मग तीच सांगत राहिलो. पुस्तकातही तीच आहे.”

नवरा ताठ बसला. असा चेहरा तो फक्त बिघडलेल्या यंत्रासमोर करतो. “आधी उडी, की आधी लिफ्ट थांबली?”

“आधी उडी. तिसऱ्या उडीला धाडकन थांबली.”

“खाली आदळताना की वर जाताना?”

“आदळताना.”

“सात जण,” तो स्वतःशीच पुटपुटला. “एकदम.” मग बराच वेळ बोटांवर काहीतरी हिशेब करत राहिला. “मग स्क्रू घट्ट असता तरी थांबली असती. कदाचित. ते आता कोणालाच सांगता येणार नाही.”

“झालं तर मग!” कॅसेटवाल्याने टाळी वाजवली. “आमचीच चूक. अठ्ठ्याऐंशी नंबरचं पान उद्याच बदलतो. आम्हाला सोडवायला गेला आणि साथही दिली. स्क्रूचं नावच काढायचं नाही!”

“नाही,” नवरा म्हणाला. “स्क्रू सैल होता. तो माझा होता. लिहायचं तर स्क्रूसकट लिहा, नाहीतर मला पळपुटाच राहू द्या.”

“अरे पण तुझी निवृत्ती, कंपनी…”

“उद्या मीच साहेबांना सांगतो. अडतीस वर्षांत एक तक्रार. चालेल. एक असू दे.”

हे तो अगदी सहज म्हणाला, पण त्याचे खांदे खाली आले, जणू कोणीतरी त्याच्या पाठीवरून पोतं उतरवून घेतलं. मला त्या क्षणी त्याचा असा काही अभिमान वाटला की मी दोघा पाहुण्यांना उगाचच दुसऱ्यांदा पाणी आणून दिलं. कॅसेटवाल्याने तिथेच कागद काढला. नवऱ्याने स्क्रूचा परिच्छेद सांगितला, माप आणि जागेसकट. डॉक्टरीणबाईंनी उड्यांचा सांगितला. मी मधे मधे पानांचे आकडे सरकतील म्हणून कुरकुर करत होते, पण कोणी लक्ष दिलं नाही.

लिहून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी टेबलावर बोटं आपटली. तीन, एक, दोन.

वरून कोण ठोकत होतं? आज लागला पत्ता!
अडतीस वर्षं गप्प बसला, नाचवा त्याला आत्ता!

“काहीतरीच,” नवरा म्हणाला, पण कान लाल झाले होते.

“त्या दिवशी शेवटी काय करणार होतास?” कॅसेटवाल्याने विचारलं. “तुमचा म्होरक्या सांगायचा, स्प्रिंगने काहीतरी नवीन बसवलंय, कोणालाच दाखवत नाही.”

“आठवत नाही.”

“खोटं बोलू नकोस,” मी म्हटलं. मला माझा नवरा कळतो.

तो उठला. मधलं टेबल दोन्ही हातांनी भिंतीशी सरकवलं, गालिचा गुंडाळला, चष्मा काढून माझ्या हातात दिला. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर ठेका धरला, कॅसेटवाल्याने तोंडाने ढोल वाजवायला सुरुवात केली, मी ताटलीवर चमचा घेतला आणि पहिल्याच फेरीत चुकले. तो दोन पावलं नुसता डोलला. मग खाली वाकून एक हात फरशीवर टेकला, आणि माझा अठ्ठावन्न वर्षांचा, गुडघे कुरकुरणारा, समारंभात खुर्च्या रचणारा नवरा त्या एका हातावर अख्खा फिरला. पाय कात्रीसारखे उघडले, मिटले, दुसऱ्या हातावर वजन गेलं, आणि तो फरशीला पाठ न लावता अलगद उभा राहिला. जेमतेम आठ ठोके. शेवटच्या ठोक्याला जरा तोल गेला आणि त्याने कपाटाचा आधार घेतला.

पाहुणे आरडाओरडा करत होते. डॉक्टरीणबाई तर सोफ्यावर चढल्या होत्या. तो धापा टाकत, घाम पुसत, त्यांच्यापैकी कोणाकडेच न पाहता माझ्यासमोर आला.

“कसं झालं?”

“अडतीस वर्षं उशीर झाला,” मी म्हटलं, आणि लोकांसमोर त्याला घट्ट मिठी मारली.